२६,००० नोंदी आणि समाजशास्त्राचे दृष्टिकोन

समाजशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सुरुवातीच्याच एखाद्या प्रकरणात एक तक्ता असतो. त्यात तीन रकाने असतात: कार्यवाद, संघर्षवाद आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद. प्रत्येक रकान्यात विचारवंतांची नावे, दोन-चार संकल्पना आणि तळाशी 'मर्यादा'. विद्यार्थी तो तक्ता पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि हे तीन दृष्टिकोन एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदतात, असा समज घेऊन बाहेर पडतात. मला हा समज घातक वाटतो. हे दृष्टिकोन एकमेकांशी वाद घालत वाढले आहेत, आणि पुष्कळदा तो वाद एकाच पुराव्यावरून झालेला आहे. म्हणून आज तक्ता बाजूला ठेवून आपण एकाच विषयाचा माग घेऊ. विषय जड आहे, आत्महत्येचा. पण समाजशास्त्राचा पाया ज्या ग्रंथांनी घातला त्यांपैकी एक याच विषयावर आहे, आणि त्यावरचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'समाजशास्त्र' हे नाव ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने १८३८ च्या सुमारास रूढ केले. त्याआधी तो या शास्त्राला 'सामाजिक भौतिकी' म्हणत असे. परंतु बेल्जियमच्या अडॉल्फ केतले याने १८३५ मध्ये तेच नाव आकडेवारीवर आधारलेल्या आपल्या ग्रंथासाठी वापरले, आणि कोंतने नवा शब्द घडवला. नावाच्या या हकिकतीत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. केतले आणि त्याच्या समकालीनांच्या लक्षात आले होते की गुन्हे, विवाह आणि आत्महत्या यांसारख्या ज्या गोष्टी माणूस स्वतःच्या मर्जीने करतो असे आपण मानतो, त्यांचे आकडे एखाद्या देशात वर्षानुवर्षे जवळपास तेवढेच राहतात. माणसे बदलतात, कारणे बदलतात, आकडा मात्र फारसा हलत नाही. ही गोष्ट ज्याला एकदा खरोखर जाणवली, त्याला समाजशास्त्राची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाला ती जाणवली होती. १८९७ मध्ये त्याचा आत्महत्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यासाठी सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी वेगळ्या काढून, प्रत्येक नोंदीतील वय, लिंग, वैवाहिक स्थिती आणि अपत्ये असणे-नसणे यांनुसार त्यांचे वर्गीकरण करण्यात आले. हे किचकट काम त्याचा भाचा मार्सेल मॉस याने एकट्याने केले, आणि दुर्खीमने प्रस्तावनेत त्याचा उल्लेख केला आहे. या नोंदी फ्रान्सच्या न्याय मंत्रालयातल्या सांख्यिकी विभागाकडून मिळाल्या, आणि त्या विभागाचा प्रमुख होता गाब्रिएल तार्द, म्हणजे समाजाचे स्पष्टीकरण व्यक्तींच्या परस्पर अनुकरणातून देणारा, दुर्खीमचा कट्टर वैचारिक विरोधक. प्रतिपक्षाने पुरवलेल्या कागदांवर हा ग्रंथ उभा राहिला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

दुर्खीमचा युक्तिवाद वरवर साधा आहे. एका माणसाने जीव का दिला, हा प्रश्न त्याने मुद्दाम विचारलाच नाही. एका समाजात आत्महत्यांचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा सातत्याने जास्त का राहते, हा त्याचा प्रश्न. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत, विवाहितांपेक्षा अविवाहितांत, मुले असणाऱ्यांपेक्षा नसणाऱ्यांत हे प्रमाण त्याला जास्त आढळले. युद्धकाळात ते घटत होते. आर्थिक मंदीत ते वाढत होते, हे अपेक्षितच. पण अचानक आलेल्या भरभराटीतही ते वाढत होते, आणि इथे 'गरिबीने माणूस हताश होतो' हे सोपे उत्तर अपुरे पडते. दुर्खीमचे उत्तर असे की, समाजाशी माणसाचा बंध किती घट्ट आहे आणि त्याच्या इच्छांना समाजाने किती मर्यादा घातली आहे, या दोन गोष्टींवर हे प्रमाण अवलंबून असते. बंध सैल पडला की अहंवादी आत्महत्या, तो अति घट्ट झाला की परार्थवादी. नियमनच कोसळले, म्हणजे त्याच्या भाषेत प्रमाणकशून्यता आली, की तिसरा प्रकार. भरभराटीत नेमके हेच होते: कालपर्यंत काय मिळवणे शक्य आहे याचा माणसाला अंदाज होता, आज तो अंदाजच उरत नाही, आणि ज्या इच्छेला अंत नाही तिला समाधानही नाही.

कार्यवाद या भूमीत रुजला. समाज ही परस्परांवर अवलंबून असलेल्या अंगांची रचना आहे, आणि कुटुंब, धर्म, शिक्षण यांपैकी प्रत्येक अंग ती रचना टिकवण्यासाठी काही ना काही करते, ही त्याची मूळ कल्पना. शरीराची उपमा हर्बर्ट स्पेन्सरने आधीच वापरली होती. विसाव्या शतकात टॅल्कट पार्सन्सने या कल्पनेची भव्य आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, वाचायला अतिशय कठीण अशी मांडणी केली. मला त्याच्यापेक्षा रॉबर्ट मर्टन अधिक उपयोगी वाटतो. त्याने १९४९ मध्ये प्रकट कार्य आणि सुप्त कार्य असा भेद केला. अमेरिकेतील होपी लोकांच्या पर्जन्यविधीने पाऊस पडत नाही हे खरे. पण त्या निमित्ताने विखुरलेली माणसे एकत्र येतात आणि समूह म्हणून त्यांची ओळख पक्की होते, हे त्या विधीचे सुप्त कार्य. अपकार्याची संकल्पनाही त्याने कार्यवादात आणली, म्हणजे एखादी प्रथा व्यवस्थेला हानीही पोचवू शकते. कार्यवादाचा एक जुना दोष असा होता की जे जे आहे ते ते उपयोगीच असले पाहिजे, असे तो गृहीत धरी. १९४५ मध्ये किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी सामाजिक विषमतासुद्धा समाजाच्या गरजेतूनच निर्माण होते, असे प्रतिपादन केले, तेव्हा हा दोष उघड झाला. मेल्विन ट्युमिनने १९५३ मध्ये त्यांना विचारलेला प्रश्न आजही तितकाच बिनतोड आहे: ज्यांना गुण दाखवण्याची संधीच नाकारली गेली, त्यांच्यात गुण नव्हते हे तुम्ही कशावरून ठरवले?

इथून आपण संघर्षवादाकडे येतो. आत्महत्या या विषयावर कार्ल मार्क्सनेही लिहिले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुर्खीमचा जन्म १८५८ चा. त्याच्या बारा वर्षे आधी, १८४६ मध्ये, मार्क्सने झाक प्यूशे या पॅरिसच्या पोलीस दप्तरात अभिलेखपाल राहिलेल्या गृहस्थाच्या आठवणींतील काही भाग जर्मनमध्ये आणला आणि त्यात आपले शेरे मिसळले. त्यातील चार घटनांपैकी तीन स्त्रियांच्या आहेत. तिथे तक्ते नाहीत, प्रमाणे नाहीत. आई-वडिलांच्या धाकाखाली आणि नवऱ्याच्या मालकीहक्काखाली चिरडलेल्या व्यक्ती आहेत. समाजाचा बंध सैल पडल्याने काय घडते, हे दुर्खीमने दाखवले. तो बंध कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या गळ्यात, हा मार्क्सचा प्रश्न. पुढे १८४८ चा कम्युनिस्ट जाहीरनामा आणि १८६७ मधील 'भांडवल'चा पहिला खंड यांत हाच प्रश्न उत्पादनाच्या साधनांच्या मालकीच्या संदर्भात विस्ताराने आला. समाजातील सुव्यवस्था सर्वांच्या संमतीवर उभी नसते, तिच्यामागे कोणाचे तरी हितसंबंध असतात, आणि जे विचार 'सर्वमान्य' म्हणून वावरतात त्यांच्यावर सत्ताधारी वर्गाची छाप असते, हा संघर्षवादाचा गाभा.

आणि आता दुर्खीमच्या ग्रंथातील एक तळटीप पाहू. त्याच्या वर्गीकरणानुसार चौथा प्रकारही हवा होता: अतिनियमनाने, म्हणजे ज्यांचे भविष्य निर्दयपणे बंद करून टाकले आहे अशांच्या बाबतीत घडणारी, नियतिवादी आत्महत्या. या प्रकाराला त्याने ग्रंथात एक तळटीप दिली आणि आज त्याला फारसे महत्त्व नाही, असे म्हणून तो पुढे गेला. उदाहरणे कोणती दिली? फार लहान वयात लग्न झालेले पती, मूल नसलेल्या विवाहित स्त्रिया आणि गुलाम. त्याच्या स्वतःच्या तक्त्यांतून असे दिसत होते की, जिथे घटस्फोट रूढ आहे तिथे पुरुषाला विवाहामुळे आत्महत्येपासून मिळणारे संरक्षण कमी होते, स्त्रीचे मात्र वाढते. म्हणजेच न सुटणारा विवाह पुरुषाला जितका मानवतो तितका स्त्रीला मानवत नाही. आकड्यांशी प्रामाणिक राहून त्याने हे नोंदवले, आणि मग स्त्रीचे मानसिक जीवन कमी विकसित असते असे सांगून ते निकालात काढले. १९०६ मध्ये परस्परसंमतीच्या घटस्फोटाविरुद्ध त्याने लेखही लिहिला. मला दुर्खीमबद्दल नितांत आदर आहे, आणि म्हणूनच हे ठामपणे सांगतो की, इथे पुरावा त्याच्या हातात होता, पण त्याबद्दलचा प्रश्न त्याच्याकडे नव्हता. तो प्रश्न नंतर स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञांनी विचारला. १९७४ मध्ये ॲन ओकलीने घरकाम हे 'काम' मानून गृहिणींच्या मुलाखती घेतल्या. तोवर शास्त्राच्या लेखी तो कुटुंबजीवनाचा एक भाग होता, श्रम नव्हता.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाला या तक्त्यातल्या कुठल्याही रकान्यात बसवता येत नाही, आणि बसवण्याचा अट्टहास करू नये. त्याची मागणी वेगळी होती: कृती करणाऱ्याच्या मनातला अर्थ समजून घेतल्याशिवाय स्पष्टीकरण पुरे होत नाही. त्याचे एक उदाहरण मला फार आवडते. दोन सायकलस्वार एकमेकांवर आदळले, तर ती नुसती घटना आहे, झाडावरून फांदी पडावी तशी. पण त्यांनी एकमेकांना चुकवण्याचा केलेला प्रयत्न, आणि आदळल्यानंतरची शिवीगाळ, मारामारी किंवा शांतपणे केलेली बोलणी, ही मात्र सामाजिक कृती. कारण तिथे प्रत्येक जण दुसऱ्याला ध्यानात घेऊन वागत असतो. अटलांटिकपलीकडे शिकागो विद्यापीठात जॉर्ज हर्बर्ट मीडने याच दिशेने आणखी खोल जाऊन दाखवले की आपला 'स्व'सुद्धा इतरांच्या नजरेतून स्वतःकडे पाहायला शिकण्यातून घडतो. त्याचा मुख्य ग्रंथ त्याने लिहिलाच नाही. १९३१ मध्ये तो वारल्यानंतर विद्यार्थ्यांनी घेतलेल्या टिपणांवरून तो १९३४ मध्ये तयार करण्यात आला. प्रतीकात्मक आंतरक्रियावाद हे नाव हर्बर्ट ब्लूमरने १९३७ मध्ये दिले. माणसे वस्तूंशी आणि प्रसंगांशी, त्यांना त्या गोष्टींचा जो अर्थ वाटतो त्यानुसार वागतात, तो अर्थ परस्परव्यवहारातून येतो आणि व्यवहार करता करताच बदलत राहतो, ही त्याची भूमिका.

ही भूमिका घेऊन पुन्हा त्या २६,००० नोंदींकडे वळा. दुर्खीमने आत्महत्येची व्याख्या करताना हेतू वगळला, कारण हेतू बाहेरून दिसत नाही. पण आपल्या कृतीचा परिणाम मृत्यू आहे याची मृताला जाणीव असली पाहिजे, ही अट ठेवली. ती जाणीव होती हे कोण ठरवते? मॉससमोर नोंद आली तेव्हा ते ठरून गेलेले होते. १९६७ मध्ये जॅक डग्लस या समाजशास्त्रज्ञाने नेमके यावर बोट ठेवले. जिथे कुटुंबाचे आणि धर्मसंस्थेचे बंध घट्ट असतात, तिथे असा मृत्यू लपवण्याची, अपघात म्हणून नोंदवून घेण्याची गरजही अधिक असते आणि तसे करू शकणारी माणसेही जवळ असतात. मग घट्ट बंधांच्या समूहात जो कमी आकडा दिसतो, तो खरोखर कमी आत्महत्यांचा की कमी नोंदींचा? ज्या संबंधावर दुर्खीमचा सिद्धांत उभा आहे, तोच संबंध नोंदीच्या प्रक्रियेतून निर्माण झालेला असू शकतो.

नंतर मॅक्सवेल ॲटकिन्सनने इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला. अधिकारी चिठ्ठी आहे का ते पाहतो, मृत्यू कुठे आणि कोणत्या परिस्थितीत झाला ते पाहतो, माणूस अलीकडे उदास होता का, एकटा होता का, हे नातेवाइकांना विचारतो. म्हणजे आत्महत्या करणारा माणूस कसा असतो याचे एक चित्र त्याच्याजवळ आधीच असते, आणि समोरचे आयुष्य त्या चित्राशी जुळते का, ते तो तपासतो. एकाकी, विस्कटलेले आयुष्य जुळते. भरल्या घरातले जुळत नाही. अशा नोंदींची बेरीज करून एकाकीपणाने आत्महत्या वाढतात असा निष्कर्ष काढला, तर त्या अधिकाऱ्याचीच समजूत शास्त्राच्या भाषेत आपल्याकडे परत येण्याचा धोका असतो. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीच प्रकरणे इंग्लंडच्या आणि डेन्मार्कच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवण्यात आली, तेव्हा डॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांतील अधिक मृत्यू आत्महत्या ठरवले.

यावरून दुर्खीम कोसळला, असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. डॅनिश आणि इंग्रज अधिकाऱ्यांमधला तो फरक लहरीपणातून आलेला नव्हता. पुरावा किती भक्कम हवा याविषयी दोन्ही देशांचे नियम आणि प्रघात वेगळे होते. एकट्या अधिकाऱ्याने ते घडवले नव्हते आणि एकट्याला ते मोडताही आले नसते. व्यक्तीच्या बाहेर असणारे आणि तिच्यावर दडपण आणणारे जे असते त्याला दुर्खीमने १८९५ मध्येच 'सामाजिक तथ्य' म्हटले होते, आणि हे नियम त्या व्याख्येत तंतोतंत बसतात. चौकशीच्या त्या खोलीत मार्क्सचा प्रश्नही हजर असतो, कारण अधिकाऱ्यापुढे कोणाची साक्ष वजनदार ठरते आणि कोणाची बाजूला पडते, हे घरातल्या आणि घराबाहेरच्या सत्तेवर ठरते. नवऱ्याला विचारले जाते, "अलीकडे ती कशी होती?" तो क्षणभर थांबतो, आणि मग जे सांगतो ते कागदावर उतरते.