शेवटचे चार आकडे

[दृश्य: भोसरी एमआयडीसी. सीएनसी मशीनचा आवाज. काचेच्या केबिनमध्ये टेबलावर उघडा लॅपटॉप, शेजारी बँकेचा फॉर्म.]

शुक्रवारची दुपार. चीनहून मागवलेला बेअरिंगचा माल जहाजावर चढल्याची मेल आली आहे. ३० टक्के ॲडव्हान्स दीड महिन्यापूर्वीच गेलाय. बीएलची, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची कॉपी आली, आता उरलेले ७० टक्के पाठवले की मूळ कागद सुटतील आणि न्हावा शेवा बंदरात माल सोडवून घेता येईल. मेलच्या शेवटी दोन ओळी जास्तीच्या आहेत. आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी पैसे सोबत दिलेल्या नव्या खात्यात टाका.

हा कारखाना कुणाचाही असू शकतो. भोसरीतला, शिरोलीतला, इचलकरंजीतला. परदेशातून माल घेणाऱ्या कुणालाही ही दोन फसवी वाक्यं येऊ शकतात.

[दृश्य: मेलचा पत्ता, अगदी जवळून.]

पत्ता नीट बघा. सप्लायरच्या नावात इंग्रजी ‘एम’ आहे. इथे त्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टाकलेत. स्क्रीनवर ही दोन अक्षरं चिकटतात आणि एमच वाटतात. मोबाइलवर तर बऱ्याचदा नुसतं नाव दिसतं, पत्ता दिसतच नाही.

आणि पत्ता हुबेहूब खरा असला तरी निर्धास्त राहू नका. कधी कधी चोर खऱ्या मेलबॉक्समध्येच शिरलेला असतो, तुमच्या नाहीतर सप्लायरच्या. तो घाई करत नाही. पीआय म्हणजे ऑर्डरचं कच्चं बिल वाचतो, भाव वाचतो, माल कधी निघणार ते बघतो. सेटिंगमध्ये एक नियम लावून ठेवतो की अमक्याची मेल आली की ती परस्पर दुसऱ्या फोल्डरमध्ये जावी. खरा सप्लायर तिकडून लिहीत राहतो आणि तुम्हाला त्याचं एक अक्षरही दिसत नाही. नवं खातं नेमकं ७० टक्क्यांच्या वेळीच का येतं, ते आता कळेल. मोठी रक्कम तीच असते.

[दृश्य: जुन्या बातम्यांची कात्रणं.]

२०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका माणसाने, तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्याखुऱ्या सप्लायरच्या नावाची कंपनी लॅटव्हियात नोंदवली, खोटी बिलं पाठवली आणि फेसबुक व गूगलकडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. एवढाल्या कंपन्यांची ही गत. आमच्याकडे बिल बघणारा, मशीनवर उभा राहणारा आणि बँकेत जाणारा माणूस एकच असतो. त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

[दृश्य: नव्या खात्याचा तपशील. पेनाचं टोक एका ओळीवर.]

हा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना लागणारी बँकेची ओळख. यातलं पाचवं आणि सहावं अक्षर म्हणजे बँकेचा देश. चीन असेल तर ‘सीएन’, हाँगकाँग असेल तर ‘एचके’. इथे ‘जीबी’ आहे, म्हणजे ब्रिटन. माल निंगबोहून निघतोय आणि पैसे लंडनला मागतायत. खातं कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल, तर तिथेच थांबा. लाभार्थीचं नाव बरोबर लिहिलंय म्हणूनही निश्चिंत होऊ नका. कित्येक देशांत बाहेरून आलेली रक्कम खाते क्रमांक बघून जमा होते, नाव कुणी ताडून बघेलच असं नाही.

टीटी, म्हणजे बँकेतून थेट परदेशी पाठवलेली रक्कम, एकदा चुकीच्या खात्यात गेली की मार दोन्हीकडून बसतो. सप्लायर म्हणतो, माझे पैसे आले नाहीत, माल सोडणार नाही. इकडे आयातीच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत ती रक्कम उघडी राहते, कारण तिच्यासमोर लावायला बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे माल देशात आल्याचा कस्टमचा कागदच नसतो. बँक विचारत राहते, माल कुठे आहे? असं झालंच तर त्याच तासाला आपल्या बँकेला रिकॉल, म्हणजे पैसे परत मागणारा संदेश पाठवायला लावा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पहिल्या खात्यातून पुढे सरकायच्या आत जे काही होईल तेवढंच.

एलसी, म्हणजे ठरलेले कागद मिळाले की पैसे देण्याची बँकेची हमी, काढली तर धोका कमी होतो, हे खरं. खात्याचा व्यवहार बँक बँकेशी करते. पण एलसीचे यूसीपी ६०० हे आंतरराष्ट्रीय नियम साफ सांगतात की बँक कागद बघते, माल बघत नाही. कागद चोख असतील तर खोक्यात विटा निघाल्या तरी बँक पैसे देईल. म्हणून एलसीच्या कागदांतच त्रयस्थ कंपनीचा तपासणी दाखला मागून घ्या. लहान ऑर्डरला एलसीचा खर्च परवडत नाही, ही अडचण मला मान्य आहे. तिथे निदान पहिली ऑर्डर छोटी द्या. चिनी कंपनीचा अठरा अक्षरी नोंदणी क्रमांक मागा, आणि बीएलवरचा कंटेनर नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर स्वतः टाकून बघा.

[दृश्य: ड्रॉवर उघडतो. कोपरे मुडपलेलं एक व्हिजिटिंग कार्ड.]

आणि फोन करा. मेलखाली छापलेल्या नंबरवर नको, तो चोरानेच टाकलेला असेल. दोन वर्षांपूर्वी प्रदर्शनात हातात दिलेल्या या कार्डावरच्या नंबरवर करा. चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. भोसरीत तीन वाजून दहा मिनिटं झालीत, तिकडे सहाला वीस कमी. ऑफिस बंद व्हायला आलंय. मेल शुक्रवारी दुपारी आली ती उगीच नव्हे.

रिंग वाजते. चौथ्या रिंगला कुणीतरी उचलतं, अकाउंट्सच्या बाईंना बोलावून आणतं. मोडक्या इंग्रजीत विचारणा होते. नवं खातं? पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या आपल्या खात्याचे शेवटचे चार आकडे सावकाश, एकेक करून सांगतात.

[दृश्य: पेन एकेका आकड्याखाली सरकतं. पहिलाच जुळत नाही. बँकेचा फॉर्म अजून टेबलावरच, बिनसहीचा.]