आमचा वायतुरा नॉर्वेकडे कसा गेला

(साताऱ्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी आधीच बजावलंय, चाळीस मिनिटं. पत्रिकेवर विषय छापलाय 'वनस्पतींची नोंद कशी ठेवावी'. त्यावर येतोच. आधी वायतुऱ्याचं सांगू द्या, नाहीतर मला रात्री झोप लागायची नाही.

वायतुरा तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात कासच्या डबक्यांत उगवतो, तुऱ्याला दोन फाटे, इंग्रजी वाय काढावा तसे. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, वर्णन झालं १९८२ साली. कंदी पेढ्याशिवाय आपलं नाव आणखी कशाला तरी लागलंय बरं का!

तर भर पावसात, छत्री उलटी होईस्तोवर सड्यावर उभं राहून मी एका संकेतस्थळावर त्याची नोंद टाकली. कुठल्या, ते सांगत नाही. चालवणारी माणसं भली आहेत. फोटो चढवला, गोल फिरायला लागलं. यवतेश्वरचा घाट उतरलो तरी फिरतंच होतं. घरी येऊन बघतो तर एकच नोंद तीनदा लागलेली, आणि नकाशात सातारा जिल्हा रिकामा! नकाशा लहान करत गेलो. अरबी समुद्र मागे पडला, युरोप आला, आणि नॉर्वेच्याही वर, बेअर बेटाच्या खालच्या अंगाला, भर समुद्रात आमचा ठिपका. (हशा) आमच्या घरच्या म्हणाल्या, "मग स्वेटर काढू का?"

कास म्हणजे अक्षांश १७.७, रेखांश ७३.८. यंत्रणेनं दोघांची अदलाबदल केली. मी गुवाहाटीचा असतो तर चोरी तिथंच पकडली गेली असती. तिथला रेखांश ९१ च्या पुढे आणि अक्षांश तर नव्वदीपलीकडे जातच नाही. आपला ७३ मात्र बिनबोभाट खपतो.

कळवलं. उत्तर आलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' ती कुठल्या समुद्रात नोंदवली, देव जाणे. आठवड्यानं एक ठिपका परतला, तो थेट पोवई नाक्यावर. 'सातारा' एवढंच वाचून शहराच्या मधोमध टाचणी! पावसात पाणी कुठल्या नाक्यावर साचत नाही? पण म्हणून वायतुरा?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, विषय सुरू करतो.

आधी वही, मग संकेतस्थळ. जागा शब्दांत लिहा: तलावापासून किती अंतर, रस्त्याच्या कुठल्या हाताला, कातळावर की डबक्यात. आकडा घसरला तर ही ओळच त्याला पकडते. अक्षांश-रेखांशाला दशांशानंतर चार घरं पुरेत, म्हणजे साधारण ११ मीटर. दोनच लिहिलीत तर किलोमीटरभराचा घोळ. आठ घरं लिहू नका, फोन मिलिमीटर मोजत नाही. वायतुऱ्यात नर आणि मादी झाडं वेगळी, तीही वेगळी मोजा.

आणि उलटंही ऐका. कंदीलपुष्प सापडलं तर नेमका ठिकाणा जाहीर करू नका. कंद उकरणारे नकाशा आपल्यापेक्षा मन लावून वाचतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटातल्या जातींचा ठिपका मुद्दाम सरकवलेला असतो. तो बिघाड नव्हे, तिथं माझ्यासारखी पत्रं धाडू नका.

दुसरी चिठ्ठी! थांबतो. तीनातल्या दोन नोंदी अजून समुद्रातच आहेत. वही आणलीय, चहाच्या टेबलाशी दाखवतो.