जीव वाचवून निघालेला माणूस कुठं थांबतो?

नमस्कार मंडळी. आज देश सोडून पळावं लागलेल्या लोकांबद्दल बोलायचं आहे, कारण वॉट्सअपवर एकच गोष्ट फिरून राहिली की हे लोक फुकटच्या पैशासाठी श्रीमंत देशात घुसतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

पहिलं म्हणजे बहुतेक लोक लांब जातच नाहीत. जगातल्या दर दहा शरणार्थ्यांपैकी जवळपास सात जण शेजारच्याच देशात आहेत. सीरियात युद्ध पेटलं तेव्हा सगळ्यात जास्त लोक तुर्कस्तानात गेले, एका वेळी ३६ लाख होते तिथं. लेकरं, म्हातारी आई सोबत घेऊन जिथवर पोचता येते तिथवरच माणूस जाते ना.

आता जे लांब जातात ते काऊन जातात? ब्रिटनच्या गृह खात्यानं २००२ मध्ये एक अभ्यास छापला, आश्रय मागणाऱ्या ६५ लोकांशी सविस्तर बोलून. त्यात दिसलं की पुष्कळ जणांना निवड करायलाच भेटली नव्हती, एजंटनं पैसे घेतले आणि जिथं पोचवलं तिथं उतरले. ज्यांना थोडीफार निवड होती त्यांनी पाहिलं की तिथं आपलं कोणी आहे का, भाषा येते का, देश सुरक्षित आहे का. सरकारी भत्ता किती भेटते याची तर बहुतेकांना माहितीच नव्हती.

आणि आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्या भागातले मजूर तेलंगणात मिरची तोडायला जातात तेव्हा कुठल्या जिल्ह्यात रोजी दहा रुपयानं जास्त आहे हे कोण शोधत बसते, मागच्या साली मेव्हणा ज्या गावात जाऊन आला, जिथल्या मालकाचा नंबर मोबाईलमध्ये आहे, तिथंच अख्खी टोळी गाडीत बसते. फरक एवढाच, आणि तो लय मोठा आहे, की आपल्या माणसाला हंगाम संपला की घरी येता येते.

२०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, तेव्हा तिकडचे चिन जमातीचे लोक हजारोंनी मिझोरममध्ये आले, कारण मिझो त्यांचे नात्यातलेच, आणि मिझो लोकांनी चर्चमधून तांदूळ, कपडे गोळा करून त्यांना ठेवून घेतलं.

पण आपल्या तालुक्यातलं उदाहरण उलटं आहे. अर्जुनी मोरगावला गोठणगावजवळची तिबेटी वस्ती १९७२ मध्ये वसली, ती सरकारनं जमीन दिली म्हणून. थंड पहाडातली माणसं आणि इथला मे महिन्यातला उन्हाळा, विचार करा. शेती केली, हिवाळ्यात शहरात जाऊन स्वेटरची दुकानं लावली, टिकले. त्यांचे पोरं मात्र आता बाहेर जाऊन राहिले, आणि जातात तेही जिथं आधीच तिबेटी आहेत तिथंच.

तसेच अरुणनगर, गौरनगरचे आपले बंगाली शेजारी, पूर्व पाकिस्तानातून आलेले. त्यांनी इथं धान लावला, तळ्यात मासोळी वाढवली. पण अशा निर्वासितांना वसवायच्या सरकारी दंडकारण्य योजनेत ओडिशा, बस्तरच्या खडकाळ रानात ज्यांना नेलं होतं त्यातले हजारो लोक १९७८ मध्ये तिथून उठले आणि थेट पश्चिम बंगालच्या सुंदरबनात मरीचझापी बेटावर गेले, जिथं पाणी ओळखीचं आणि बोली आपली. १९७९ मध्ये पोलिसांनी नाकाबंदी केली, गोळीबार झाला, वस्ती उठवली. किती मेले यावर आजही वाद आहे.

जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांना राज्यांमध्ये वाटून देतात, राज्याचा कर आणि लोकसंख्या पाहून. हिशोब म्हणून ठीक आहे. पण माझं म्हणणं आहे की तुझा भाऊ, तुझी बहीण कुठल्या शहरात आहे हा प्रश्न त्या फॉर्मवर सगळ्यात वर पाहिजे, नाहीतर माणूस कागदावर एका गावात राहते आणि खरा दुसऱ्याच गावात जाऊन पोचते, तेही लपूनछपून.

बरं मंडळी, वेळ झाली. यानंतर धानावरच्या तुडतुड्याची माहिती आहे, रेडिओ चालू ठेवा. नमस्कार.