एक्सपीसाठी प्रिंटर घेताय? आधी त्याची भाषा विचारा

नमस्कार! बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं आणि प्रिंटर मात्र बंद पडला, अशी अडचण असेल तर खोक्यावर ‘विंडोज एक्सपी’ शोधत बसू नका. स्पेसिफिकेशनमध्ये ‘प्रिंटर लँग्वेज’ किंवा ‘एम्युलेशन’ ही ओळ बघा.

तिथे ‘जीडीआय’ किंवा ‘होस्ट-बेस्ड’ असेल, तर पान तयार करायचं काम कॉम्प्युटरचं. मग कंपनीचा एक्सपीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, लागणारच. कॅननचा एलबीपी २९०० असाच, पण त्याचा एक्सपी ड्रायव्हर आहे, म्हणून सेकंड हँड मिळाला तरी चालतो.

‘पीसीएल ५ई’ किंवा ‘पोस्टस्क्रिप्ट’ दिसलं, की काम सोपं. या भाषा समजणारा प्रिंटर पान स्वतःच तयार करतो. ड्रायव्हर एक्सपीतच पडलेला आहे.

(स्क्रीनवर एक्सपी)

प्रिंटर लॅन केबलने राउटरला जोडा. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कायमचा करून घ्या, नाहीतर तो बदलला की छपाई बंद. आता स्टार्ट, प्रिंटर्स अँड फॅक्सेस, ॲड अ प्रिंटर. इथे ‘लोकल प्रिंटर’ निवडायचा. हो, नेटवर्कवरचा असला तरी! खालची ऑटोमॅटिक डिटेक्टची टिक काढा. क्रिएट अ न्यू पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, आयपी टाका. डिव्हाइस टाइप विचारला तर ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’. मग यादीत एचपी आणि त्यात ‘एचपी लेझरजेट ४’. पोस्टस्क्रिप्टवाल्यांनी ‘४/४एम पीएस’ घ्यायचा. प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा असला तरी चालतं, भाषा जुळली म्हणजे झालं. यूएसबी असेल तर पोर्ट यूएसबी००१.

टेस्ट पेज दिल्यावर दिवा लुकलुकतोय आणि कागद येत नाही? बहुतेक वेळा ड्रायव्हर ‘लेटर’ साइज मागतोय, ट्रेमध्ये ए४ आहे. प्रिंटिंग प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड, पेपर साइज ए४ करा. पानामागून पान येतंय आणि प्रत्येकावर दोन-चार विचित्र अक्षरं? भाषा चुकली. आधी ट्रे ओढून काढा, मग क्यूमधलं, म्हणजे छपाईच्या रांगेतलं, काम रद्द करा, प्रिंटर बंद-चालू करा. नाहीतर अख्खं रीम जाईल.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांसाठी एकच: ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरने इंग्रजी बिल झपाझप निघतं, मराठी नाही निघणार.

आणि एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. प्रिंटरसाठी लॅन पुरे, या कॉम्प्युटरचं इंटरनेट राउटरमधून बंदच ठेवा.