ऑर्ब६: पेशीला बाजूंनी फुगू न देणारं कायनेज

[दृश्य: आगरोजच्या पातळ थरावर फिशन यीस्टच्या पेशी. कोपऱ्यात १० मायक्रोमीटरची मोजपट्टी.]

या कांड्या नीट पाहा. जाडी साधारण ४ मायक्रोमीटर. नुकत्याच जन्मलेल्या पेशीची लांबी ७ ते ८, विभागायला आलेलीची १४. लांबी जवळजवळ दुप्पट झाली, जाडी मात्र होती तेवढीच राहिली.

हे फिशन यीस्ट, स्किझोसॅकरोमायसिस पॉम्बे. त्याची वाढ फक्त टोकांना होते. विभाजनानंतर आधी जुनं टोक पुढे सरकतं, म्हणजे जे आईपेशीतही टोकच होतं ते. लांबी ९ मायक्रोमीटरच्या आसपास गेली की दुसरं टोकही कामाला लागतं. मधल्या भिंतीत नवा माल जवळजवळ पडतच नाही.

[दृश्य बदलतं. त्याच मोजपट्टीशेजारी चेंडूसारख्या पेशी.]

हेही तेच यीस्ट. बिघडलाय फक्त एक जनुक.

फुल्विया व्हेर्दे, हुआन माता आणि पॉल नर्स यांनी १९९५ मध्ये आकार हरवलेल्या पेशींचा एक मोठा संच प्रसिद्ध केला. त्यातल्या गोल पेशींच्या जनुकांना ऑर्ब हे नाव मिळालं. ऑर्ब म्हणजे गोळा. नाव बिघाडावरून पडलंय, कामावरून नाही. त्यामुळे 'ऑर्ब६ पेशीला गोल करतं' असा समज सर्रास होतो. खरं ते नेमकं उलट.

१९९८ मध्ये ऑर्ब६ची ओळख पटली. ते सेरीन-थ्रिओनीन कायनेज निघालं, म्हणजे एटीपी या पेशीच्या इंधन-रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनाच्या सेरीनवर किंवा थ्रिओनीनवर चिकटवणारं एन्झाइम. ते एनडीआर घराण्यातलं आहे. माणसाच्या पेशीत त्याचे नातलग एसटीके३८ आणि एसटीके३८एल. मॉब२ हे जोडीदार प्रथिन सोबत नसेल तर ऑर्ब६चं काम चालत नाही. वरून त्याला चालना देतं नॅक१ नावाचं दुसरं कायनेज, आणि या सगळ्यांना एकत्र आणतं मोर२.

[अ‍ॅनिमेशन: पेशीच्या टोकाशी सीडीसी४२चे ठिपके उजळतात.]

टोकाला वाढ कुठे करायची हे ठरवतं सीडीसी४२. हे प्रथिन म्हणजे एक बारीकसा स्विच. जीटीपी हा छोटा रेणू धरला की चालू, जीडीपी हा रेणू धरला की बंद. तो चालू करणाऱ्यांपैकी एक म्हणजे जेफ१ हे प्रथिन. आता जेफ१ पेशीच्या आवरणावर कुठेही जाऊन बसू लागलं तर स्विच कुठेही चालू होईल. इथे ऑर्ब६ आडवं येतं. ते जेफ१वर फॉस्फेट चिकटवतं. त्या खुणेला रॅड२४ हे प्रथिन येऊन घट्ट धरतं, आणि जेफ१ पेशीद्रवातच अडकून राहतं.

ऑर्ब६ थांबवलं की जेफ१ सुटतं आणि बाजूच्या भिंतींशी जाऊन बसतं. पाठोपाठ तिथे सीडीसी४२ चालू होतं. म्हणजे ऑर्ब६ गेल्यावर वाढ थांबत नाही, ती पसरते. याचा ताळा पाहायचा तर जेफ१चा जनुकही काढून टाकायचा: मग ऑर्ब६ थांबवूनही बाजूंना सीडीसी४२ तसं उजळत नाही.

[दृश्य: एकाच पेशीची दोन टोकं आळीपाळीने उजळताना.]

हा उजेड स्थिर नसतो. एका टोकाला वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला ओसरतो, आणि साधारण ५ मिनिटांनी फेरी पूर्ण होते. हे टिपायचं तर दर मिनिटाला एक चित्र हवं. पाच मिनिटांनी एक घेतलंत तर प्रत्येक चित्र फेरीतल्या त्याच टप्प्यावर पडतं आणि हेलकावा दिसतच नाही.

आता प्रयोग. गोल पेशी पाहायचा सोपा मार्ग म्हणजे ऑर्ब६-२५ हा तापसंवेदी वाण. २५ अंश सेल्सिअसला तो कांडीसारखा असतो, ३६ अंशांना चेंडू होतो.

[दृश्य: वजनकाटा, फ्लास्क, हलतं वॉटर बाथ.]

आधी मीडियम, म्हणजे पेशींचं द्रव खाद्य: एक लिटर पाण्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम आणि ग्लुकोज ३० ग्रॅम. त्यात अ‍ॅडेनीन, ल्युसीन, हिस्टिडीन, लायसीन आणि युरॅसिल प्रत्येकी २२५ मिलिग्रॅम. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात, जास्त वेळ राहिलं तर ग्लुकोज करपून मीडियम तपकिरी होतं, आणि त्यात पेशी रेंगाळतात. तसं मीडियम सरळ ओतून द्यावं.

वाण आणि साधा यीस्ट, दोन्ही २५ अंशांना वाढवा. मिलिलिटरला १ कोटी पेशींच्या आतच ठेवा. ही अट पाळली नाही तर प्रयोग संपलाच म्हणायचा: दाटी झाली, अन्न संपलं की साधा यीस्टही आखूड आणि गोलसर होतो. मग वाण कुठला आणि उपाशी कुठला, हे ओळखू येत नाही.

मग दोन्ही फ्लास्क ३६ अंशांच्या वॉटर बाथमध्ये. हवेच्या इन्क्युबेटरमध्ये नको, कारण तिथे द्रव तापायलाच बराच वेळ जातो आणि 'शून्य तास' कुठला ते कळत नाही. बाथच्या आकड्यावर विसंबू नका. शेजारी पाणी भरलेला फ्लास्क ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. तापमान बदलल्याच्या धक्क्याने साधा यीस्टही काही वेळ टोकांची दिशा सोडतो. म्हणून पहिल्या तासाच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. त्यानंतर दर तासाला नमुना घ्यावा.

[दृश्य: कॅल्कोफ्लोअरने निळ्या चमकणाऱ्या पेशी.]

कॅल्कोफ्लोअर या चमकत्या रंगाने पेशी रंगवल्या की वाढती टोकं आणि मधला पडदा निळे चमकतात. वाणात हा निळेपणा भिंतभर विखुरतो. लांबी आणि जाडी दोन्ही मोजा. नुसतं 'गोल दिसतात' याला अर्थ नाही.

उष्णतेची ही कटकट टाळायची तर ऑर्ब६-एएस२ वाण वापरतात. त्यात कायनेजचा एटीपीचा खिसा थोडा मोठा केलेला असतो, म्हणून १-एनए-पीपी१ हे औषध, एक जाडजूड रेणू, फक्त तिथेच मावतं आणि कायनेज बंद पाडतं. तापमान तेच राहतं, आणि पेशीचा आकार बदलायच्या आधीच सीडीसी४२ बाजूंना गेलेलं दिसतं. इथे तुलनेला दोन फ्लास्क लागतात: वाणात नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचा द्रव, आणि साध्या यीस्टमध्ये औषध. दुसरा फ्लास्क बरेच जण गाळतात. मग परिणाम ऑर्ब६चा की औषधाचा, हे सांगता येत नाही.

[दृश्य: पेशीद्रवात चमकते कण.]

ऑर्ब६चा दुसरा अडथळा आरएनए धरणाऱ्या एसटीएस५ या प्रथिनाला. त्याच्याही सेरीनवर फॉस्फेट पडतो, तिथेही रॅड२४ येतं, आणि एसटीएस५ विखुरलेलं राहतं. ऑर्ब६ थांबलं की त्याचे कण साचतात आणि आकाराला लागणारे काही संदेश-आरएनए त्यात अडकतात. ग्लुकोज काढून घेतलं तरी असेच कण बनतात. म्हणूनच स्लाइड करण्याआधी पेशी साध्या पाण्याने धुतल्या, तर ऑर्ब६ ठणठणीत असूनही कण दिसतात. धुवायचंच असेल तर त्याच मीडियमने.

विभाजनाची वेळही याच्याशी बांधलेली आहे. ऑर्ब६ कमी पडलं तर पेशी वेळेआधीच विभाजनात शिरते; जास्त झालं तर विभाजन लांबतं आणि टोकांची वाढ चालूच राहते.

[दृश्य: पेशीच्या मध्यावर आडवा पडदा बनताना.]

आणि प्रत्यक्ष विभाजनात ऑर्ब६लाच आवर घातला जातो. आवर घालणारं सिड२ हे त्याच घराण्यातलं कायनेज, एका अर्थी चुलत भाऊ. त्याचा जोडीदार मॉब२ नव्हे, मॉब१. सिड२ वरच्या नॅक१ला रोखतं, ऑर्ब६ची चालना बंद पडते, टोकं थबकतात आणि सगळा माल मधल्या पडद्याकडे वळतो. पडदा पुरा झाला की सिड२चा जोर ओसरतो. पेशी सुटतात, आणि दोघींचंही जुनं टोक पुन्हा पुढे सरकू लागतं.