टाळी नेमकी कुणाला?

नमस्कार श्रोतेहो. जत्रा म्हटली की आपल्या गोव्यात नाटक आलंच. रात्रभर संभाजी गाजवणारा गावातला नट दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत मात्र मान वर करत नाही. शेजारच्याशी काय बोलायचं, या विचारानेच घास अडकतो. मला यात नवल वाटत नाही. रंगमंचावर लोक संभाजीला पाहतात, पंगतीत त्याला स्वतःला.

चारचौघांत बुजणारा माणूस दिवसभर अशीच भूमिका वठवत असतो. वाक्य आधी मनात घोळवायचं, थरथर दिसू नये म्हणून कप दोन्ही हातांनी धरायचा, पटलं नाही तरी ‘हो हो’ म्हणायचं. कुणाला दोन घोट घेतल्याशिवाय बोलताच येत नाही. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडलं की भीती टिकून राहण्यात या बचावाच्या सवयींचा मोठा हात असतो. प्रसंग निभावला तरी श्रेय सवयीला जातं. लोकांना आवडलं ते सोंग. खरा मी दिसलो तर काय, हा धाक जागच्या जागी.

म्हणून एकेक बचाव सोडून पाहायचा. तिठ्यावर उभं राहून मन मोकळं करा, असं मी सांगत नाही. ‘नाव नीट ऐकू आलं नाही, परत सांगता?’ इथून सुरुवात करा. पुढे कधीतरी सगळे नाटकाची वाहवा करत असताना ‘मला दुसरा अंक लांबला असं वाटलं’ एवढं म्हणा. काय होईल असं वाटतं ते आधी ठरवा आणि काय झालं ते नंतर पाहा. कुणी म्हणेल, ‘मलाही तसंच वाटलं.’ कुणी वाद घालेल. घालू दे, चहा आला की विषय बदलतो.

लोकांचं लक्षही आपण समजतो तेवढं नसतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांत पाठवलं. चित्र निम्म्या लोकांनी ओळखलं असेल, असा त्यांचा अंदाज. ओळखलं होतं जेमतेम पाव जणांनी.

भीतीपायी कॉलेज किंवा नोकरी सुटायची वेळ आली असेल, तर बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात दाखवा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक फिरवा. फोनवर बोलायचीच धास्ती असेल तर पहिलं वाक्य कागदावर लिहून वाचून दाखवा. हाही बचावच, पण पहिल्या फोनला चालेल.