पहिली मीटिंग पटली नाही, तर दुसरी

दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग, आणि दाराजवळची खुर्ची. नवा माणूस बहुतेक वेळा तिथेच बसतो, वाटलं तर उठून जाता यावं म्हणून. ओळखीचं कुणी नाही ना, हे आधी बघून घेतो. मग एकेक जण बोलू लागतो. नुसतं पहिलं नाव, 'मी मद्यपी आहे', आणि पुढे स्वतःची कहाणी. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. एकाचं झालं की दुसरा.

तासाभराने मीटिंग संपते. घरी कुणीतरी विचारतं, "कशी झाली?" उत्तर येतं, "मला नाही जमायचं ते."

हे ऐकलं की जीव तुटतो. कारण त्याने पाहिलेली असते एक मीटिंग, आणि निकाल देऊन मोकळा झालेला असतो सगळ्या मीटिंगांचा.

या मीटिंगा सुरू झाल्या त्या दोन माणसांच्या बोलण्यातून. मे १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन कामासाठी तिथे आला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. हातातला व्यवहार फसला आणि पुन्हा प्यावंसं वाटू लागलं. तेव्हा त्याने चर्चची यादी बघून फोन लावायला घेतले. त्याला बोलायला दुसरा एखादा दारूत अडकलेला माणूस हवा होता. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, बोलणं कित्येक तास चाललं. बिलने स्वतःची हकिकत सांगितली, डॉक्टरांना ती ओळखीची वाटली. पुढे १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे 'एए'चा, स्थापना दिवस मानला गेला.

आपली मीटिंग ओळखायची खूणही हीच. ऐकताना कुठेतरी 'अरे, हे तर माझंच' असं वाटलं पाहिजे. कपाटामागे दडवलेली बाटली, सकाळी थरथरणारे हात, मुलांना दिलेला आणि मोडलेला शब्द. सगळ्यांच्या बोलण्यात असं नाही वाटणार. एकाच्या बोलण्यात वाटलं, तरी पुन्हा जायला तेवढं पुरे आहे.

नाहीच वाटलं, तर गट बदला. एएचा प्रत्येक गट आपला कारभार आपणच बघतो, त्यामुळे एका गटाचं वातावरण दुसऱ्यात सापडेलच असं नाही. 'ओपन' मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं, घरचेसुद्धा. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. कुठे एकच वक्ता आपला प्रवास सांगतो, कुठे बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूतून सावरण्यासाठी एएने आखलेल्या टप्प्यांपैकी, एकीवर बोलणं होतं. काही गट फक्त स्त्रियांचे, काही नवख्यांसाठी, आणि ऑनलाइन मीटिंगाही भरपूर. फी कुठेच नाही. सभासद होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही. 'मी आज फक्त ऐकतो' म्हटलं की पुढच्याची पाळी येते.

बरेच जण अडतात ते परमेश्वराच्या उल्लेखापाशी. एए म्हणतं, ज्याला जसा समजेल तसा परमेश्वर, आणि त्यात नास्तिकांचेही गट आहेत. तरीही नको वाटत असेल, तर स्मार्ट रिकव्हरी आहे. १९९४ साली सुरू झालेली ही संस्था विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर भर देते. स्त्रियांसाठी जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ साली विमेन फॉर सोब्रायटी उभी केली. आणि घरच्यांसाठी १९५१पासून अल-अ‍ॅनॉन आहे. माणूस मीटिंगला जायला तयार नसला, तरी घरच्यांनी आपल्या मीटिंगला जावं.

या सगळ्याचा उपयोग होतो का? २०२० साली उपचारांवरचे अभ्यास पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. ठरलेल्या पद्धतीने एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस दिसले.

पण एक गोष्ट मीटिंगच्या आधीची आहे, आणि ती जिवाशी संबंधित आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर. मीटिंगमध्ये कुणी 'मानसिक आजाराच्या गोळ्या बंद कर' म्हणालं, तर ते मुळीच ऐकू नका. कुणी पैसे मागितले, नवख्या बाईशी सलगी केली, तर तो गट सोडायला संकोच बाळगू नका. दुसरा गट शोधा, पण शोधणं थांबवू नका.

आणि मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका. खरी ओळख खुर्च्या आवरताना होते. तिथे कुणाचा तरी नंबर मागा, आणि दुसऱ्याच दिवशी, काही कारण नसताना, एक फोन करा. पहिला फोन साधा झाला असेल, तर प्यावंसं वाटेल त्या रात्री दुसरा लावणं सोपं जातं.